गप्प बसलेल्यांची मते

पोर्तुगालवर ३६ वर्षे एकहाती सत्ता गाजवणारा अंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार कधी लष्करी गणवेशात मिरवला नाही. रोममध्ये मुसोलिनी सज्जात उभा राहून लाखोंच्या जमावाला चेतवत होता, बर्लिनच्या रस्त्यांवर मशाली नाचत होत्या, त्या काळात लिस्बनचा हा अविवाहित प्राध्यापक काळा कोट घालून फायली वाचत बसलेला असे. भाषण करायचेच झाले तर लिहून आणलेले, बारीक आवाजात वाचून दाखवायचे. सरकारी निवासस्थानाच्या मागच्या अंगणात घर सांभाळणाऱ्या मारियाने कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांची गोष्ट कौतुकाने सांगितली जाई. अशा साध्या माणसाला हुकूमशहा म्हणताना युरोपातले पुष्कळ लोक अडखळत. गोव्यात ज्यांनी त्याच्या पोलिसांचा मार खाल्ला, त्यांना तशी अडचण कधी आली नाही.

सालाझार बंदुकीच्या जोरावर आला नव्हता; त्याला बोलावून आणले होते. १९१० मध्ये पोर्तुगालची राजेशाही गेली आणि पुढच्या १६ वर्षांत ४५ सरकारे झाली. बंडे, खून, महागाई यांना लोक इतके विटले होते की २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता घेतली तेव्हा संसदेसाठी रडायला कोणी रस्त्यावर आले नाही. पण सेनाधिकाऱ्यांना हिशेब जमेना. एप्रिल १९२८ मध्ये त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या या प्राध्यापकाला अर्थमंत्रिपद दिले. त्याने एकच अट घातली: कोणत्याही खात्याचा खर्च माझ्या संमतीशिवाय होणार नाही. अट मान्य झाली त्याच दिवशी खरे सत्तांतर झाले, असे मला वाटते. एका वर्षात अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी झाली. कर वाढले, पगार गोठले, तरी पैशाची पत सावरली. दुकानदार, पेन्शनर, लहान शेतकरी, पाद्री या सगळ्यांना हायसे वाटले, आणि ते वाटणे खरे होते. सालाझारचा इतिहास सांगताना हे लपवण्यात अर्थ नाही. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला तेव्हा देशातला फार मोठा वर्ग मनापासून त्याच्या मागे होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने देशाला लढाईबाहेर ठेवले, तेव्हा कितीतरी आयांनी त्याच्यासाठी मेणबत्त्या लावल्या असतील.

प्रश्न पुढचा आहे. हायसे वाटणे वर्ष-दोन वर्षे टिकते. ३६ वर्षे ते टिकवायचे कसे?

१९ मार्च १९३३ रोजी नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतले गेले. जो मतदार मतदानाला येणार नाही, त्याचे मत घटनेच्या बाजूने धरायचे, असा नियम होता. लाखो लोक घरी राहिले आणि त्या सगळ्यांचा होकार मोजला गेला. उघड विरोधात पडलेली मते सुमारे सहा हजार. या नियमाकडे मी सालाझारच्या साऱ्या कारभाराची गुरुकिल्ली म्हणून पाहतो. हिटलरला लोकांचा गजर हवा होता, मुसोलिनीला टाळ्या हव्या होत्या. सालाझारला लोकांनी घरी बसलेले चालत होते. त्याला प्रेम लागत नव्हते, श्रद्धाही लागत नव्हती. माणूस गप्प बसला की तो आपला, हे त्याने कायद्यात लिहून घेतले होते. नंतरच्या साऱ्या यंत्रणेचे काम एकच राहिले: लोकांना गप्प बसणे सोयीचे वाटावे आणि बोलणे महाग पडावे.

सोयीची बाजू अंतोनियो फेरो नावाच्या हुशार पत्रकाराने सांभाळली. प्रचारखाते त्याच्याकडे होते. १९३८ मध्ये शाळाशाळांतून लावायला ‘सालाझारचा धडा’ म्हणून चित्रमालिका निघाली. तिच्यातले एक चित्र फार प्रसिद्ध आहे. खेड्यातले स्वच्छ घर, शेतावरून परतलेला बाप दारात, चुलीपाशी आई, बापाला पाहून उठलेला मुलगा, त्याच्या अंगावर सरकारी युवक संघटनेचा गणवेश. टेबलावर पाव आणि दारू, बाजूला क्रूस, खिडकीतून दिसणारा किल्ला आणि त्यावर झेंडा. विजेचा दिवा मात्र चित्रात कुठेच नाही. गरिबी हीच या घराची शोभा आहे आणि जे आहे त्यात सुख मानणारा माणूस हाच चांगला नागरिक, असे ते चित्र मुलांना रोज सांगत होते. त्या वेळी पोर्तुगालमधली निम्म्याच्या आसपास जनता निरक्षर होती आणि सक्तीचे शिक्षण जेमतेम तीन इयत्तांचे. चर्चशी १९४० मध्ये करार झाला. लिस्बनचा कार्डिनल सेरेजेरा तर सालाझारचा कोइंब्रातला जुना सोबती. उत्तरेकडच्या छोट्या जमीनदार-शेतकऱ्यांच्या गावांत रविवारच्या प्रार्थनेनंतर पाद्री जे सांगे, ते आणि सरकार जे सांगे ते, यांत फरक उरला नव्हता.

महाग पडण्याची बाजू पोलिसांकडे होती. घटनेने भाषणस्वातंत्र्य दिले होते, पण त्याचे नियमन खास कायद्यांनी होईल असेही म्हटले होते. घटना ११ एप्रिल १९३३ रोजी अमलात आली, त्याच तारखेला सेन्सॉरचा हुकूम निघाला. त्याच वर्षी राजकीय पोलीस खाते उभे राहिले. १९४५ नंतर ते ‘पिडे’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्या दोन अक्षरांची दहशत लिस्बनपासून लुआंडापर्यंत पसरली.

पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच रद्द केली होती आणि सालाझारने ती परत आणली नाही. त्याच्या समर्थकांना हा मोठा मुद्दा वाटतो. मला तो त्याच्या हिशेबीपणाचा पुरावा वाटतो. फेरोला दिलेल्या मुलाखतीत कैद्यांच्या मारहाणीचा विषय निघाला तेव्हा त्याने ती नाकारली नाही. बॉम्ब करणाऱ्याला वेळेवर चार तडाखे दिल्याने निरपराध मुलांचे प्राण वाचत असतील तर ते योग्यच, अशा अर्थाचे उत्तर दिले. खर्चात काटकसर करणारा हा माणूस हिंसेतही काटकसर करी. एकाला असे वागवायचे की शंभरांनी ते ऐकावे. पिडेच्या कोठडीत कैद्याला दिवसेंदिवस झोपू देत नसत, भिंतीकडे तोंड करून पुतळ्यासारखे उभे करून ठेवत. अंगावर वळ दिसत नसत. शिक्षा संपली तरी सुटका होईलच असे नव्हते. ‘सुरक्षेचा उपाय’ म्हणून मुदत वाढवता येई, पुन्हा वाढवता येई. आणि सगळ्यात अट्टल कैद्यांसाठी केप व्हर्डे बेटांवर ताराफालची छावणी होती. १९३६ मध्ये ती उघडली. तिथे उन्हात उभारलेली काँक्रीटची एक बंद खोली होती. दाराला वाऱ्यासाठी जेमतेम काही भोके. कैदी तिला ‘तवा’ म्हणत. मलेरियाला औषध मिळत नसे. ३२ राजबंदी त्या छावणीत मेले. त्यांना फाशी दिली नव्हती, त्यामुळे हिशेबाच्या वहीत तो आकडा कुठेच आला नाही.

दहशतीची मात्रा माणूस बघून ठरे. लिस्बनचा वकील किंवा प्राध्यापक बोलला तर नोकरी जाई, पासपोर्ट अडकून पडे, काही महिने तुरुंग. दक्षिणेतल्या आलेंतेझु प्रांतात मोठमोठ्या जमीनदाऱ्या होत्या आणि त्यांवर राबणाऱ्या भूमिहीन मजुरांकडे गमावण्यासारखे काही नव्हते, म्हणून तिथे थेट बंदूक चाले. १९ मे १९५४ रोजी बालेझांव गावी गव्हाच्या कापणीची मजुरी वाढवून मागायला काही बाया निघाल्या. पुढे होती २६ वर्षांची कातारिना युफेमिया, कडेवर तान्हे मूल. वाटेत आडव्या आलेल्या लष्करी पोलिसांच्या अधिकाऱ्याशी तिची बोलाचाली झाली आणि त्याने तिला गोळ्या घालून ठार केले. आफ्रिकेत तर विचारायलाच नको. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या गोदीत पगारवाढीसाठी संप करणाऱ्या कामगारांवर गोळीबार झाला. सुमारे ५० माणसे मेली. उत्तरेकडच्या शेतकऱ्याची संमती आणि गोदीतल्या कामगाराचे प्रेत एकाच कारभाराच्या दोन नोंदी होत्या. पहिल्याला दुसरी कधी दिसू दिली जात नव्हती, कारण मध्ये सेन्सॉर उभा होता.

१९४५ मधली एक घटना मला या सगळ्यात अधिक अस्वस्थ करते, जरी तीत रक्त सांडले नाही. महायुद्धात दोस्त राष्ट्रे जिंकली. वारे फिरलेले पाहून सालाझारने निवडणुका जाहीर केल्या आणि त्या इंग्लंडइतक्याच मुक्त असतील असे सांगितले. ऑक्टोबरमध्ये लिस्बनला विरोधकांची सभा भरली आणि लोकशाहीवादी आघाडी स्थापन झाली. इतकी वर्षे दबून राहिलेली माणसे आघाडीच्या पाठिंब्याच्या यादीवर सही करायला रांगा लावू लागली: डॉक्टर, शिक्षक, कारकून, विद्यार्थी. स्वतःचे नाव, हुद्दा आणि खाली सही. निवडणूक पुढे ढकला, मतदारयाद्या नीट करा, ही मागणी सरकारने फेटाळली आणि आघाडीने बहिष्कार टाकला. मग सरकारने सह्या खऱ्या आहेत का ते तपासायचे म्हणून याद्या मागवून घेतल्या. पुढच्या महिन्यांत कित्येक सही करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, कित्येक पकडले गेले. विरोधक कोण, हे शोधायला पिडेला जे काम वर्षानुवर्षे करावे लागले असते, ते काही आठवड्यांच्या स्वातंत्र्याने करून दिले. यानंतर पोर्तुगीज माणूस कुठल्याही कागदावर सही करताना दहादा विचार करू लागला, यात नवल नाही.

आता गोव्याकडे वळू. सालाझार हे नाव मराठी माणसाच्या घरात शिरले ते गोव्यामुळेच.

१९३० मध्ये, पंतप्रधान होण्याआधीच, त्याने ‘वसाहत कायदा’ आणला. परकी प्रदेश ताब्यात ठेवून तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणे हा पोर्तुगीज राष्ट्राचा स्वभावधर्म आहे, असे त्यात लिहिले होते. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात त्याला विरोध करून गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. पुढे बोलण्याच्या वाटा एकेक करून बंद झाल्या. सभेला परवानगी, वृत्तपत्राला परवानगी. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे न्यावी लागे. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन बाप सरकारी कचेरीत उभा आहे, गणपतीच्या नावाखालचा मजकूर अधिकारी वाचतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की या राजवटीची जात कळते.

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले. त्यांना गोव्यात विश्रांतीसाठी बोलावले होते डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी. धो-धो पावसात लोक जमले होते. प्रशासक मिरांडाने पिस्तूल काढले, लोहियांनी त्याचा हात बाजूला केला. लोहियांना पकडून नंतर सरहद्दीबाहेर सोडून दिले, कारण ते ब्रिटिश हिंदुस्थानातले नावाजलेले पुढारी. स्थानिकांना वेगळे माप होते. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयासमोर उभे करून आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले गेले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही समुद्रापार धाडले. हद्दपारीत एक धूर्त हिशेब होता. माणूस मारला तर हुतात्मा होतो, गोव्यातच आग्वादच्या तुरुंगात ठेवला तर बायको-मुले भेटायला येतात, गावात चर्चा होते. पाच हजार मैलांवरच्या कैद्याची बातमी येणेच बंद होते.

फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशात एक मेजवानी होती. बोलण्याच्या ओघात एका वक्त्याने हा प्रदेश म्हणजे पोर्तुगालच, असे म्हटले. टेबलाशी बसलेले शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे म्हणाले, मी याचा निषेध करतो. इतकेच. सभा नव्हती, पत्रक नव्हते. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेले गेले. त्यांच्या पत्नी एडिला पोर्तुगीज होत्या, त्यानेही काही फरक पडला नाही. एवढ्याशा वाक्याला एवढी शिक्षा का, असे आपल्याला वाटते. पण ज्या राज्यात गप्प बसणे हाच होकार, तिथे जेवणाच्या टेबलावरचा एक नकारही सगळा हिशेब बिघडवतो. भोवती बसलेल्यांपैकी किती जणांच्या मनात तेच होते, हे त्या क्षणी प्रत्येकाला कळले असणार.

त्यानंतरचे सत्याग्रह आपल्याकडच्या जुन्या पिढीला पाठ आहेत. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात सुधाताई जोशी यांनी नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पकडल्या गेल्या. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी आत शिरली. १५ ऑगस्टला सरहद्दीवर निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या. गोरे यांना दहा वर्षांची, मधू लिमये यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी सांगलीहून मराठी शिकवायला आलेले मोहन रानडे बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले आणि त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली.

याच वर्षांत गोव्यात दुसरीही गोष्ट चालू होती आणि ती सांगायची आपल्याकडे टाळाटाळ होते. भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तशी सालाझारने आयातीची दारे उघडली. खनिज लोखंडाची निर्यात वाढली, जपानी पोलादाच्या कारखान्यांकडे जहाजे जाऊ लागली, खाणींचे परवाने मिळालेली स्थानिक घराणी श्रीमंत झाली. परदेशी घड्याळे, दारू, कापड, मोटारी बाजारात मिळू लागल्या. मुंबईत रेशनच्या रांगा आणि पणजीत भरलेली दुकाने, ही तुलना लोकांनी करावी अशीच सरकारची इच्छा होती. काहींनी ती केली. ते सगळेच देशद्रोही होते असे मी म्हणणार नाही. पोटापाण्याची माणसे होती ती. एका हाताने माल देणारे सरकार दुसऱ्या हाताने काय करते, हे त्यांना ठाऊक होते आणि म्हणून ती बोलत नव्हती. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडच्या जंगलातून १९५५ ते १९६१ अशी सहा वर्षे नभोवाणी चालवली, ती या न बोलणाऱ्यांसाठी. आपल्यासारखेच इतरांना वाटते, एवढे कळले तरी पुरे होते.

हीच गोष्ट खुद्द पोर्तुगालमध्ये १९५८ च्या मे महिन्यात घडली. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. हे पद शोभेचे, पण पंतप्रधानाला काढण्याचा अधिकार घटनेने त्यालाच दिलेला. विरोधकांच्या वतीने जनरल उंबर्तो देल्गादो उभा राहिला. तो मूळचा राजवटीचाच माणूस, १९२६ च्या बंडातला. १० मे रोजी लिस्बनच्या एका कॅफेत पत्रकार परिषद भरली आणि कुणीतरी विचारले, निवडून आलात तर सालाझारचे काय करणार? देल्गादो म्हणाला, उघड आहे, त्याला काढून टाकणार. ३० वर्षांत हे वाक्य कोणी जाहीरपणे उच्चारले नव्हते. चार दिवसांनी तो पोर्तूला गेला तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले. ही तीच माणसे, जी १९३३ पासून संमती म्हणून मोजली जात होती. ८ जूनला मतदान झाले. मतपत्रिका उमेदवारांनीच छापून वाटायच्या, मतमोजणी सरकारी माणसांची. तरीही सरकारला देल्गादोला सुमारे एक चतुर्थांश मते द्यावी लागली. त्या जुलैत पोर्तूच्या बिशपने सालाझारला टीकेचे पत्र लिहिले आणि पुढची दहा वर्षे त्याला देशाबाहेर काढावी लागली. सालाझारने यातून घेतलेला धडा साधा होता: १९५९ मध्ये घटना बदलून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली.

इथून पुढे तराजू एका बाजूला कलतच गेला. १९६१ मध्ये अंगोलात युद्ध पेटले. डिसेंबरात भारतीय फौजा गोव्याच्या सीमेवर आल्या तेव्हा सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाला तार केली: शरणागती नको, आपले सैनिक एक तर विजयी दिसले पाहिजेत, नाही तर मेलेले. वासालोजवळ तीन-साडेतीन हजार माणसे होती. १९ डिसेंबरला त्याने शरणागती पत्करून ती वाचवली. या अपराधाबद्दल मायदेशी त्याला लष्करातून बडतर्फ केले. काटकसरीने हिंसा करणारा माणूस आता स्वतःच्या हजारो सैनिकांची प्रेते मागत होता.

देल्गादो देशाबाहेर निसटला होता. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी पोर्तुगालच्या सरहद्दीजवळ, स्पेनच्या हद्दीत, पिडेने त्याला सापळ्यात गाठले आणि त्याच्या सेक्रेटरीसह ठार केले. देल्गादोवर गोळ्या झाडणाऱ्याचे नाव काझिमिरो मोंतेरो. हे नाव गोव्यात ठाऊक होते. १९५० च्या दशकात गोव्याच्या पोलिसांत असताना स्वातंत्र्यसैनिकांचा छळ करण्यात तो कुप्रसिद्ध होता. आपल्या माणसांवर शिकलेला हात त्याने पोर्तुगीज जनरलवर चालवला. वसाहतीत जे चालते ते मायदेशी येणार नाही, असे समजून उत्तरेच्या गावांतली जी सज्जन माणसे गप्प बसली होती, त्यांच्याच देशाच्या वेशीवर ते येऊन पोचले.

ऑगस्ट १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, मेंदूला मार बसला. मार्सेलो काएतानो पंतप्रधान झाला. जानेवारी १९६९ मध्ये मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. त्यासाठी सुधीर फडके यांनी केलेली खटपट मराठी माणसाने विसरू नये. सालाझार जुलै १९७० मध्ये मेला. राजवट आणखी चार वर्षे रेटली गेली, कारण पिडेची माणसे जागेवर होती. २५ एप्रिल १९७४ रोजी आफ्रिकेतल्या युद्धाला कंटाळलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी ती उलथवली, तेव्हा लष्कराच्या विनंतीला न जुमानता लोक घराबाहेर पडले. राजवटीतर्फे त्या दिवशी माणसे मारली ती एकट्या गुप्त पोलिसांनी: मुख्यालयाच्या खिडक्यांतून रस्त्यावरच्या गर्दीवर गोळ्या झाडून चौघांचा बळी घेतला. डिसेंबरच्या अखेरीला नव्या सरकारने भारताशी करार करून गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. २५ एप्रिल १९७५ रोजी घटना समितीसाठी पहिली मुक्त निवडणूक झाली. कित्येक गावांत उजाडायच्या आधीपासून रांगा लागल्या होत्या आणि ९१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिले.